एलियन (१९७९): खाणीच्या गावात पाहिल्यावर

वर्धाकाठ

रिडली स्कॉटच्या 'एलियन'बद्दल आजवर जे वाचलं, त्यातलं निम्मं त्या जनावराबद्दल आणि उरलेलं नायिका रिप्ली झालेल्या सिगॉर्नी वीव्हरबद्दल. दोन्ही रास्त आहे. पण माझं मत असं, की हा सिनेमा इतकी वर्षं टिकला तो त्यातल्या नोकरीमुळे. (कथा उघड करणार आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी आधी पाहून या.)

नोस्ट्रोमो हे काही लष्करी यान नाही, शोधमोहिमेवरचंही नाही. दोन कोटी टन खनिज ओढत पृथ्वीकडे निघालेली ती मालगाडी आहे. सात माणसं, एक मांजर. झोपेतून उठतात, जेवतात, सिगारेटी ओढतात आणि गप्पांची गाडी पहिल्यांदा कशावर येते? बोनसवर. पार्कर आणि ब्रेट हे खाली इंजिनाकडचे दोघं म्हणतात, आम्हालाही पूर्ण वाटा पाहिजे. कॅप्टन डॅलस म्हणतो, करारात जे लिहिलंय ते मिळेल. पुढं अनोळखी ग्रहावर उतरायला पार्कर तयार होत नाही, तेव्हा यानावरचा विज्ञान अधिकारी ॲश करारातलं कलम काढून दाखवतो: असा संकेत आला की तपास केलाच पाहिजे, नाही केला तर सगळा वाटा जप्त. नोस्ट्रोमो हे नावसुद्धा जोसेफ कॉनरॅडच्या १९०४ सालच्या कादंबरीवरून घेतलेलं, आणि ती कादंबरी चांदीच्या खाणीभोवती फिरते. नाव ठेवणाऱ्याला आपण काय करतोय ते नीट ठाऊक होतं.

वणीपासून जवळच्या आमच्या गावात वाचनालयाच्या भिंतीवर शनिवारी सिनेमा लावतो. या खेपेला हा लावला. पहिल्या पाळीवरून आलेली पोरं, दोन-चार रिटायर मंडळी, बचत गटातल्या काही बाया. इंग्रजी सगळ्यांना कळत नाही, म्हणून मी मधे मधे थांबवून सांगत होतो. जुनं जनावर पाहून पोरं हसतील अशी मनाची तयारी ठेवली होती. कोणी हसलं नाही. रिप्ली 'मदर' नावाच्या कॉम्प्युटरपुढं बसते आणि पडद्यावर आदेश क्रमांक ९३७ येतो. तो परका जीव परत आणणं पहिलं काम, बाकी सगळं नंतर, माणसं गेली तरी चालतील. मी हे मराठीत सांगितलं आणि मागून एक रिटायर डंपर ऑपरेटर काका बोलले, "म्हंजे कंपनीले आधीपासूनच मालूम होतं?"

तिथं सिनेमा थांबला तो बराच वेळ. कोणाच्या पाळीत काय झालं, कोणाचे कागद कुठं अडकले, सगळं निघालं. पुढचं जनावर कोणाला आठवत होतं की नाही देव जाणे.

तुमचं काय मत? हा सिनेमा का टिकला?

ढिशूम

भौ, लोक राक्षस पाहायलेच येतात. बोनसची चर्चा तर आमच्या घरी रोजच असते, त्यासाठी सिनेमा कायले पाहिजे? आणि पहिला पाऊण तास काहीच होत नाही. मी दोनदा झोपलो.

पऱ्हाटी

मी शेतकरी माणूस, दारव्ह्याकडचा. मले हा सिनेमा पटला तो वेगळ्याच कारणानं. त्यातलं जनावर खरं आहे.

हसू नका. अंडं, त्यातून तोंडाला चिकटणारा प्राणी, तो पोटात काहीतरी सोडतो आणि स्वतः मरतो, मग पोटातलं पोसतं आणि फोडून बाहेर येतं. परजीवी गांधीलमाशी नेमकं हेच करते. घराच्या कोपऱ्यात मातीचं घरटं करणारी कुंभारीण सगळ्यांनी पाहिली असन. ती अळीले किंवा कोळ्याले डंख मारते, पण मारत नाही, फक्त लुळं करते. मग मातीच्या खोलीत त्याच्यासंगं अंडं ठेवून तोंड लिपून टाकते. अंड्यातून निघालेलं पिल्लू ते जिवंत मांस ताजं ताजं खाते. मातीचं घरटं फोडून पाहा एकदा, आतल्या अळीचे पाय हलताना दिसतात.

आणि आम्ही तर हे पैसे देऊन विकत आणतो. ट्रायकोकार्ड. पोस्टकार्डाएवढा कागद, त्यावर तांदळाच्या पतंगाची अठरा-वीस हजार अंडी चिकटवलेली, आणि प्रत्येक अंड्यात ट्रायकोग्रामा नावाच्या माशीनं आपलं अंडं घातलेलं. ही माशी मिलिमीटरभरही नसते. परजीवी झालेलं अंडं काळं पडते, त्यावरून कार्ड चांगलं का खराब ते समजते. कार्डाच्या पट्ट्या कापायच्या, पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पानाखाली सकाळी नाहीतर संध्याकाळी स्टेपल मारायच्या, आणि फवारा काही दिवस बंद ठेवायचा. माश्या निघतात आणि बोंडअळीची अंडी शोधत फिरतात. दुसऱ्या एका जातीची माशी थेट अळीच्या अंगात अंडी घालते. तिची पिल्लं अळीची कातडी फोडून बाहेर येतात आणि तिच्याच अंगाजवळ पांढरे कोष विणतात. अळी त्या वेळेला जिवंत असते. एकदा मी मोबाईलवर शूटिंग केलं होतं, बायकोनं ते डिलीट करायला लावलं.

ज्याच्या तोंडाले ते चिकटलं होतं तो केन जेवायला बसते तो सीन पाहा. तोंडावरचं निघालं, माणूस हसते-बोलते, भूक लागली म्हणते, सगळे खुश. २०१७ ले आमच्याकडं गुलाबी बोंडअळीनं धुमाकूळ घातला तेव्हा असंच होतं. बोंड बाहेरून साबूत, हिरवंगार, छिद्र दिसत नाही. बोटानं दाबून फोडलं का आत सरकी खाऊन बसलेली अळी. मले तो जेवणाचा सीन पाहताना शेत आठवलं, खाण नाही.

लेखक डॅन ओबॅननले पोटाचा क्रोन्सचा आजार होता. आतून काहीतरी पोखरते आहे ही त्याची रोजची वेदना. तेव्हा ही कल्पना हवेतून आली नाही.

वर्धाकाठ

@पऱ्हाटी, वा! कार्डाचा फोटो असेल तर टाका. शूटिंग वाचलं असतं तर वाचनालयात सिनेमाआधी दाखवलं असतं.

तुमच्या म्हणण्याला एक जोडतो. त्या सिनेमात दोन वेगळ्या चित्रकारांचे हात आहेत. माणसांचं जग रॉन कॉबनं काढलं: पाइप, स्विच, पाट्या, घासलेलं लोखंड, गळणारं पाणी. परग्रहाचं जग स्विस चित्रकार एच. आर. गिगरचं: हाडं, फासळ्या, ओलसर कातडी. दोन हात वेगळे असल्यामुळे ती दोन जगं एकाच कारखान्यात बनल्यासारखी वाटत नाहीत. जनावराला डोळे नाहीत. ते कुठं पाहतंय हेच आपल्याला कळत नाही. आणि रक्त आम्लाचं, मजल्यामागून मजला जाळत खाली जाणारं. म्हणजे गोळी घातली तर जहाजालाच भोक. मारायची सोयच ठेवलेली नाही.

@ढिशूम, पाऊण तास काहीच होत नाही म्हणता, पण त्याच पाऊण तासात कोण कोणाचं ऐकत नाही, कोण कोणाला कमी लेखतो हे सगळं कळून चुकतं. पुढं ती माणसं मरतात तेव्हा ओळखीची असतात.

खडूस_काका

पोटफोडीच्या त्या प्रसंगाबद्दल एक थाप सगळीकडे फिरते, ती इथं यायच्या आत मोडून टाकतो. नटांना काहीच ठाऊक नव्हतं, असं सांगतात. साफ खोटं. पटकथा सगळ्यांनी वाचली होती. केन झालेला जॉन हर्ट टेबलाखाली बसलाय, वर खोटं धड ठेवलंय, हेही दिसत होतं. ठाऊक नव्हतं ते रक्त किती आणि कुठं उडणार एवढंच. लॅम्बर्ट झालेल्या व्हेरॉनिका कार्टराइटच्या तोंडावर पिचकारी बसली आणि तिची ती किंकाळी खरी आहे. खोट्या धडात खाटकाकडून आणलेले अवयव भरले होते आणि त्यांचा वास सुटला होता.

अंड्याच्या आत जी हालचाल दिसते ते रबरी हातमोजे घातलेले खुद्द रिडली स्कॉटचे हात. आजचे लोक यालाच कॉम्प्युटरवर कोट्यवधी खर्च करतात आणि ते बिळबिळीत दिसतं. १९८० च्या ऑस्करमध्ये दृश्य परिणामांचं पारितोषिक याच सिनेमाला मिळालं, ते उगाच नाही.

झाडीपट्टी

मी सिंदेवाहीकडची. ढिशूम यांना राक्षस पाहायचा आहे, पण या सिनेमात तो सगळा मिळून काही मिनिटंच दिसतो, तेही तुकड्यातुकड्यानं. शेपटी, लाळ, जबड्यातला जबडा. भीती त्याची नाहीच. भीती आहे ती तो आत्ता कुठं आहे ही.

आमच्याकडे उन्हाळ्यात पहाटे मोहफुलं वेचायला जातात. वाकून, खाली बघून, एका लयीत. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतं, असं वनखात्याची माणसं गावात येऊन सांगतात. एकटं जाऊ नका, मधे मधे उभे राहा, आवाज करत राहा. बाया करतातही. पण फूल वेचायचं म्हणजे वाकावंच लागतं, टोपलं भरल्याशिवाय घरी कसं जाणार?

सिनेमात ब्रेट मांजर शोधायला जातो तो प्रसंग मी सासूबाईंसोबत पाहिला. साखळ्या लटकताहेत, वरून पाणी टपकतंय, तो टोपी काढून तोंडावर पाणी घेतो. सासूबाई म्हणाल्या, "वर पाय ना बापा, वर पाय." त्यांना इंग्रजीचा एक शब्द कळत नाही.

आणि डॅलस हवेच्या बोगद्यात शिरतो तेव्हा लॅम्बर्ट यंत्रावर फक्त दोन ठिपके बघत असते. जनावर दिसत नाही, ठिपका त्याच्याकडे सरकतोय एवढंच. ती ओरडून सांगते तरी काही उपयोग नाही. तिथं माझा हात थंड पडला होता.

ढिशूम

@झाडीपट्टी ताई, हे वाचून रात्रीची जागल कॅन्सल. रानडुकरं खाऊ द्या तूर.

ओसरी

रिप्लीबद्दल कोणीच कसं लिहिलं नाही? आमच्या गटातल्या बायांनी तर तिच्याशिवाय दुसरं काही बोलल्याच नाहीत.

केनच्या तोंडाला ते चिकटलेलं, डॅलस आणि लॅम्बर्ट त्याला घेऊन दारात उभे, आणि रिप्ली दार उघडत नाही. चोवीस तास वेगळं ठेवायचा नियम आहे, म्हणते. कॅप्टन हुकूम सोडतो तरी नाही. दार उघडतो तो ॲश. पूर्वी एकदा मी हा सिनेमा पाहिला तेव्हा मला ती कठोर वाटली होती. २०२० नंतर बघा आता! आमच्या गावात पुण्या-मुंबईहून आलेल्यांना जिल्हा परिषदेच्या शाळेत ठेवलं होतं. एका पोराची माय रोज फाटकाशी येऊन रडायची, आणि फाटकावर बसलेल्या आशाताईला सगळं गाव शिव्या द्यायचं. ती आशाताई सिनेमा बघायला आली होती. दार उघडलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तीच ओरडली. काय ओरडली ते इथं लिहिता येत नाही.

पटकथेत ही पात्रं बाई किंवा पुरुष अशी ठरवलेली नव्हती, आडनावांनीच लिहिली होती. मला वाटतं म्हणूनच रिप्लीला कोणाची बायको, कोणाची प्रेयसी व्हावं लागलं नाही. ती फक्त आपलं काम नीट करते, आणि ते कोणी ऐकत नाही.

शेवटी मात्र तिला चड्डी-बनियनवर आणलंच. इतकं चांगलं चाललं होतं. भिंतीवर तो भाग लागला तेव्हा पोरं खाकरायला लागली आणि आम्ही बाया सतरंजीकडे बघत बसलो.

मुक्काम_पुणे

धागा छान आहे, पण प्रत्येक सिनेमात कामगार-मालक शोधायची सवय सोडा हो. 'एलियन'ची ताकद शरीरात आहे. गिगरच्या प्रत्येक आकारात लैंगिकता भरलेली आहे, तोंडातून गर्भ घातला जातो तो पुरुषाच्या, आणि प्रसूती होते ती पुरुषाची. पुरुष प्रेक्षकाला अस्वस्थ करायचा ओबॅननचा हेतूच होता आणि तो त्यानं लपवलेला नाही. बोनस-बिनस ही पार्श्वभूमी. ती काढली तरी सिनेमा उभा राहतो.

वर्धाकाठ

@मुक्काम_पुणे, शरीराचं म्हणणं मान्य. पण पार्श्वभूमी काढून बघाच. कंपनी काढली तर तिनंच पेरलेला यंत्रमानव ॲश उरत नाही, ॲश नसेल तर दार उघडत नाही, दार उघडलं नाही तर केन बाहेरच राहतो आणि सिनेमा तिथंच संपतो. जनावर आत येतं ते त्या कलमामुळे आणि त्या आदेशामुळे.

या मालिकेत पुढं जे आलं, त्यातल्या बऱ्याच भागांत जनावरं वाढली, बंदुका वाढल्या. २०२४ चा 'रोम्युलस' मात्र पुन्हा खाणीवर गेला. सुरुवातीलाच ती पोरगी करारातले तास पुरे करून सुटका मागायला खिडकीशी जाते आणि पलीकडची बाई सांगते, कोटा दुप्पट केलाय, आता तुझी बदली खाणीत. आमच्याकडच्या पोरांनी मोबाईलवर तो भाग मागे नेऊन नेऊन पाहिला. पुढचं राहू द्या म्हणाले.

रक्तगट_बी

मी आरोग्य विभागात लॅबमध्ये आहे, गडचिरोलीकडे. एक माहिती देते, चर्चेला धरून नसेल तर सोडून द्या.

त्या जनावराच्या पोशाखात जो माणूस होता त्याचं नाव बोलाजी बडेजो. नायजेरियाचा, लंडनमध्ये शिकणारा तरुण, उंची सहा फूट दहा इंच, अंगानं अगदी काटकुळा. सिनेमासाठी माणसं शोधणाऱ्या एकाला तो पबमध्ये दिसला. इतके लांब हातपाय की आत माणूस आहे असं वाटूच नये, म्हणून त्याला घेतलं. आयुष्यात तेवढा एकच सिनेमा केला. १९९२ मध्ये वयाच्या ३९ व्या वर्षी तो गेला. त्याला सिकलसेल होता, म्हणजे लाल पेशी विळ्यासारख्या वाकवणारा रक्ताचा आनुवंशिक आजार.

आमच्या भागात सिकलसेल म्हणजे काय हे सांगायला नको. शाळेशाळेत जाऊन बोटाला सुई टोचतो, सोल्युबिलिटीची चाचणी करतो, ज्यांची पॉझिटिव्ह येते त्यांचं रक्त पक्क्या तपासणीसाठी इलेक्ट्रोफोरेसिसला पाठवतो. सांधे दुखतात म्हणून शाळा बुडवणारी, थंडीत न भिजणारी, थोडं धावलं की बसणारी पोरं. ज्याला सगळं जग घाबरलं तो आतला माणूस यांच्यातलाच होता, हे वाचल्यापासून मला ते जनावर वेगळंच दिसतं. सावकाश उठतं, लांब हात हळूच पसरतं. मी उगाच काही जोडत नाहीये. फक्त दिसतं.

पऱ्हाटी

हे माहीत नव्हतं. माझ्या भाचीले आहे.

डंपर_रिव्हर्स

मी त्या शनिवारी वाचनालयात होतो. लिहित नाही सहसा, पण पुणेवाल्या साहेबांसाठी लिहितो.

मी कंत्राटी ड्रायव्हर हाय. रातपाळीत हॉल रोडवर, म्हंजे खाणीतल्या डंपरच्या रस्त्यावर, धूळ एवढी रायते का पुढच्या गाडीचा लाल दिवा दिसला तर दिसला. मांगं एकदा आमच्या पोराची गाडी बर्मवरून, म्हंजे कडेच्या मातीच्या बांधावरून, खाली कलंडली. कॅबिनमधून त्याले आम्ही काढलं, पाय मोडला होता. वरून फोन आला तर पहिला सवाल का होता माहीत हाय? गाडी उचलाले क्रेन किती वेळात येईन. पोराचं नाव तिसऱ्या फोनले इचारलं. नाव घेत नाही कोणाचं, घेऊन काय होते.

म्हणून मले त्या सिनेमात सगळ्यात जास्त राग जनावराचा नाही आला. ते तर बिचारं जनावर हाय, भूक लागली खाल्लं. राग आला ॲशचा. आपल्यातच बसते, आपल्यासंगं जेवते, आणि असते वरच्याइचा माणूस. पार्करनं त्याच्या टाळक्यात हाणला आणि पांढरं दूध उडालं तवा आमच्यातल्या एकानं शिट्टी मारली. मंग ते तुटलेलं मुंडकं टेबलावर ठेवून बोलते, त्या जनावराची तारीफ करते. त्याले ना दया, ना पस्तावा, म्हणून आवडते म्हणते. अशा तारिफा आमी मीटिंगमधी ऐकल्या हायेत, मशीनच्या.

आणि पार्कर मेला तेव्हा वाईट वाटलं. लॅम्बर्ट मधे उभी होती म्हणून त्यानं आगीचा फवारा नाही मारला. मारला असता तर वाचला असता. बोनससाठी भांडणारा माणूस, पण तिच्या अंगावर आग नाही टाकली त्यानं.

मुक्काम_पुणे

@डंपर_रिव्हर्स, पार्करचं हे माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. पुन्हा बघतो.

ढिशूम

एक शंका. सगळं जहाज उडायला काही मिनिटं उरली आणि ही बाई मांजर शोधते? मांजरासाठी कोणी जाते का बे?

झाडीपट्टी

वाघ गावात शिरला तेव्हा आमचे शेजारी शेळी सोडवायला गेले होते. जाते.

खडूस_काका

मांजराचं नाव जोन्स. ब्रेटच्या प्रसंगात ते फिस्कारतं ते जनावराला पाहून नाही, पडद्यामागं एक जर्मन शेफर्ड कुत्रा आणून ठेवला होता. मुख्य मुद्दा राहू द्या, पण या सिनेमातला सगळ्यांत प्रामाणिक अभिनय हाच.

डंपर_रिव्हर्स

त्या रिटायर काकांनी मले काल चौकात पकडलं. म्हणे, तिनं जहाज उडवलं, मालासगट. घरी पोचल्यावर काय झालं? कंपनी सोडन का?

वर्धाकाठ

काकांना सांगा, कंपनीनं तिला नाही सोडलं. १९८६ साली जेम्स कॅमेरॉननं पुढचा भाग काढला, 'एलियन्स'. रिप्ली ५७ वर्षं अंतराळात झोपेत भरकटते, सापडते, आणि शुद्धीवर आल्यावर तिच्यावर चौकशी बसते. टेबलाभोवती साहेब लोक. जहाजाची किंमत ४ कोटी २० लाख डॉलर, माल धरलेला नाही, असं तिला ऐकवतात. सोबतची माणसं मेली त्यावर ती बोलत राहते, ते कागद चाळत राहतात. फ्लाइट ऑफिसरचं लायसन्स बेमुदत निलंबित. मग ती गोदीत लोडर चालवते.

डंपर_रिव्हर्स

लोडर? कोणता लोडर?

वर्धाकाठ

आत उभं राहून चालवायचा, हातापायाचा. पुढं तोच कामाला येतो, जास्त सांगत नाही.

डंपर_रिव्हर्स

मंग तोच लावा शनिवारी. आमच्या पाळीचे सगळे येतात. काकाले मी गाडीवर घेऊन येतो.

ओसरी

शनिवारी गटाची बैठक आहे, बँकेचे साहेब येणार आहेत. रविवारी ठेवा. आणि सतरंज्या झाडून ठेवा, मागच्या वेळी सगळ्या साड्या धुळीनं भरल्या.